डोळे मिटलेला ढब्बू: नाशिकच्या एका घरातल्या कासवाचं प्रकरण

हे लिहायला कुटुंबाची परवानगी आहे. माणसांची नावं बदलली आहेत, कासवाचं नाव मात्र खरं आहे, कारण ते बदललेलं ईराला चाललं नसतं. मी प्राण्यांचा डॉक्टर नाही. बरीच वर्षं घरी कासवं सांभाळतोय, म्हणून ओळखीपाळखीचे लोक फोटो पाठवून विचारत राहतात, एवढंच. या प्रकरणात मी दिलेला पहिला सल्ला अर्धवट होता. तोही खाली येईल.

पार्श्वभूमी

२०१७ च्या दिवाळीत मामाने तीन वर्षांच्या ईराला भेट म्हणून कासव आणलं. क्रीमच्या बिस्किटाएवढं, हिरवंगार, डोळ्यामागे दोन्ही बाजूंना लाल पट्टा. सोबत प्लास्टिकचा डबा, डब्यात प्लास्टिकचं नारळाचं झाड आणि सुक्या झिंग्यांची बरणी. दुकानदार म्हणाला, "एवढंच राहतं. याला काही लागत नाही. उत्तरेला ठेवा, बरकत येते."

हे कासव आपल्याकडचं नाही. रेड-इअर्ड स्लायडर म्हणजे अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं आणि मेक्सिकोच्या उत्तर टोकाचं पाणकासव. मादीचं कवच २५ सेंटिमीटरच्या पुढेही जातं आणि नीट सांभाळलं तर ते २०-३० वर्षं सहज जगतं. म्हणजे दुकानदाराच्या "एवढंच राहतं" यात पहिल्याच वाक्याला खोट होती. पण दिवाळीच्या गर्दीत, हातात मिठाईचे पुडे घेऊन उभ्या असलेल्या मामाने ते कुठे तपासायचं?

ढब्बू वाढला. डबा गेला, बादली आली, मग दोन फुटांची काचेची टाकी. ही टाकी टीव्हीशेजारी, खिडकीला लागून. सकाळचं ऊन खिडकीच्या काचेतून आत यायचं, त्यामुळे घरच्यांच्या मते उन्हाची सोय झालेली होती. खाणं मात्र सहा वर्षं तेच: सुके झिंगे. ती बरणी संपली की अनघाताई वाण्याकडचा सुका जवळा द्यायच्या. पाणी आठवड्यातून एकदा बदलायचं, आणि ते टाकायचं स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये.

घरात चौघं. अनघाताई शाळेत शिक्षिका, निनाद सातपूरला कारखान्यात, ईरा, आणि निनादचे वडील अण्णा. अण्णांचं गाव सिन्नरच्या बाजूला. गावात जुनं शिवमंदिर आहे, मंदिरापुढे दगडी बारव. ही बारव पुढे येणार आहे.

अडचण

डिसेंबर २०२३ च्या शेवटी ढब्बूने खाणं कमी केलं. थंडी पडली होती, त्यामुळे कुणी फारसं मनावर घेतलं नाही. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "थंडीत झोपतात कासवं." आठवडाभरात पापण्या सुजल्या आणि डोळे बंद झाले. जवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथे कुत्री-मांजरी उत्तम बघत असावेत. कासवासाठी डोळ्यांत टाकायचे थेंब मिळाले. थेंब दहा दिवस टाकले. फरक शून्य.

मग अनघाताईंनी मला फोटो पाठवला. फुगलेल्या पापण्या, टोकाशी फिकट पडलेली चोच, सुके झिंगे हा एकमेव आहार. हे चित्र मी अनेकदा पाहिलंय: जीवनसत्त्व अ ची कमतरता. ते कमी पडलं की डोळ्यांभोवतीच्या ग्रंथी आणि आतलं अस्तर जाड होतं, पापण्या सुजून मिटतात. स्लायडर नजरेने खाणं शोधतं, त्यामुळे डोळे मिटले की खाणं थांबतं, आणि खाणं थांबलं की कमतरता वाढते. मी लिहिलं, "गाजर किसून द्या, चांगल्या गोळ्यांचं खाद्य आणा, पाणी कोमट ठेवा." आणि मोकळा झालो.

माझं निदान चुकलं नव्हतं, पण अपुरं होतं. डोळे मिटलेल्या कासवाला गाजर दिसणार कसं, हे मला सुचायला हवं होतं. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. मी फक्त तोंडाचा फोटो पाहिला. पाण्यात तरंगतानाचा व्हिडिओ मागितलाच नाही.

तो व्हिडिओ बारा दिवसांनी आला, तोही ईराने काढलेला, कारण तिला ते गमतीचं वाटलं होतं: "काका, ढब्बू वाकडा पोहतो." ढब्बूचं उजवं अंग पाण्याखाली आणि डावं वर. नाकपुडीशी एक बुडबुडा फुगून फुटत होता, मग दुसरा. कासवाची फुप्फुसं पाठीच्या कवचाला आतून चिकटून असतात आणि तीच तरंगण्याचं काम करतात. एका बाजूला संसर्ग होऊन ती बाजू भरली की जड होते, आणि कासव कलंडतं. आपल्यासारखं खोकून कफ बाहेर टाकणं त्याला जमत नाही. हा न्यूमोनिया होता, आणि कदाचित माझ्या पहिल्या संदेशाच्या वेळीही सुरुवात झालेली असेल.

त्या रात्री मी पाण्याचं तापमान मोजायला सांगितलं. अनघाताईंनी तापाचा थर्मामीटर बुडवला, त्यावर आकडा येईना, मग शेजारून मत्स्यटाकीचा आणला. १७ अंश. स्लायडरला पाणी २४ ते २८ लागतं आणि अंग शेकायच्या जागी ३० च्या वर. १७ अंश हे सगळ्यात वाईट तापमान. अन्न पचवायला फार थंड, नीट शीतनिद्रेत जायला फार गरम. ते कासव झोपलं नव्हतं, नुसतं मंदावत चाललं होतं.

पहिला निर्णय: घरी करायचं की तज्ज्ञाकडे न्यायचं

निनादचं म्हणणं होतं, हीटर आणू, आठ दिवस बघू. घरात इतर खर्च होते, आणि "कासवासाठी एक्स-रे" या शब्दांवर कुणीही थोडं हसतंच. नाशिकमध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला डॉक्टर त्यांच्या ओळखीत नव्हता. पुण्यात एक होते. साडेचार-पाच तासांचा प्रवास, आजारी जीव, जानेवारीची थंडी.

मी पुण्याला जाण्याच्या बाजूने होतो. पण एकतर्फी वाटू नये म्हणून सांगतो, निनादचा मुद्दाही खोटा नव्हता. हीटर कसाही लागणारच होता. म्हणून दोन्ही केलं: त्या रात्री १०० वॉटचा हीटर, आणि तिसऱ्या दिवशी पुणे. प्रवासात ढब्बू पाण्यात नव्हता, तर ओल्या टॉवेलमध्ये, झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात, आणि डब्याभोवती गरम पाण्याच्या दोन बाटल्या पायमोज्यात घालून. तरंगताना कलंडणाऱ्या कासवाला गाडीच्या हेलकाव्यात पाण्यात ठेवलं तर बुडायची भीती असते.

हीटरबद्दल एक आडवं सांगून टाकतो, कारण यात अपघात होतात. मत्स्यटाकीचा हीटर काचेचा असतो, आणि मोठं कासव तो आपटून फोडतं. निनादने पीव्हीसी पाइपच्या तुकड्याला ड्रिलने भोकं पाडून त्यात हीटर बसवला. कारखान्यातल्या माणसाला हे दहा मिनिटांचं काम.

पुण्यातलं निदान आणि उपचार

वजन ६९० ग्रॅम, कवच १७ सेंटिमीटर. एक्स-रेमध्ये उजवं फुप्फुस धूसर. डॉक्टरांनी पुढच्या पायांची नखं आणि शेपटी पाहून सहज विचारलं, "हिला किती वर्षं झाली?" नराची पुढची नखं लांबलचक आणि शेपटी जाड असते. ढब्बूची नखं आखूड, शेपटी बारीक. सहा वर्षं तो असलेला ढब्बू त्या टेबलावर ती झाला. ईराने नाव बदलायला ठाम नकार दिला. पुढे मीही "ती" म्हणतो.

इथे डॉक्टरांनी एक निर्णय घेतला जो मला फार महत्त्वाचा वाटतो. जीवनसत्त्व अ चं इंजेक्शन त्यांनी दिलं नाही. ते जास्त झालं तर कासवाची कातडी अक्षरशः सोलून निघते, आणि अशक्त प्राण्यात प्रमाण चुकण्याची भीती जास्त. "सहा वर्षांची उणीव एका सुईत भरायची घाई नको," असं त्यांचं म्हणणं. ते आहारातूनच भरायचं ठरलं. प्रतिजैविक मात्र सुईनेच: दर ७२ तासांनी एक, अशी सात, आणि पुढच्या पायात. मागच्या पायात दिलेलं औषध कासवात आधी मूत्रपिंडाकडे जाऊ शकतं, म्हणून पुढचा पाय.

पहिली सुई तिथेच. बाकीच्या अनघाताईंनी घरी दिल्या. पहिल्या वेळी ढब्बूने पाय आत ओढला तो ओढलाच. अनघाताई पंचवीस मिनिटं तशाच बसून होत्या, एका हातात सिरिंज, दुसऱ्या हाताचं बोट कवच आणि मानेच्या मधल्या फटीत. शेवटी अण्णांनी शेपटीकडून हळूच गुदगुल्या केल्या, आणि पुढचा पाय बाहेर आला.

दुसरा निर्णय: पुढची वीस वर्षं कुठे

उपचार सुरू झाले आणि तिसऱ्या सुईनंतर खरी चर्चा घरात सुरू झाली. मला विचाराल तर हे प्रकरण इथे घडलं. आजार काही आठवड्यांचा होता, हा प्रश्न वीस वर्षांचा.

अण्णांचा विचार स्पष्ट होता. "बरी झाली की गावच्या बारवेत सोडू. देवळात कूर्म असतोच, पाण्यात जीव मोकळा होईल." हे म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. मंदिरात गाभाऱ्यापुढच्या फरशीवर कोरलेलं कासव आपण सगळ्यांनी ओलांडलेलं आहे. अण्णांना कासव नकोसं झालं नव्हतं. काचेत कोंडलेला जीव त्यांना बघवत नव्हता, आणि त्यात ते बरोबरच होते.

अनघाताईंनी मला अण्णांशी बोलायला सांगितलं. मी आधी जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परकीय प्रजातींची यादी काढली. तिच्यात हे कासव आहे. मग युरोपीय संघाने १९९७ मध्ये याची आयात बंद केली तेही सांगितलं. अण्णा ऐकत होते, पण युरोपशी त्यांना काय देणंघेणं? मग विचारलं, "अण्णा, बारवेत आत्ता कासवं आहेत का?"

"आहेत की. मऊ पाठीची. उन्हाळ्यात पायरीवर येतात."

"ती पायरी किती मोठी आहे?"

अण्णा थांबले. उन्हाच्या त्या एका पायरीसाठी स्लायडर भांडतं आणि बहुतेक जिंकतं. तिथलंच खातं, आणि अंगावरचा आजार पाण्यात सोडतं. शिवाय मऊ पाठीचं ते देशी कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. त्याच कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीत आक्रमक परकीय प्रजातींची आयात, व्यापार आणि प्रसार रोखायचे अधिकार केंद्राने घेतले आहेत. पण अण्णांना कायद्यापेक्षा पायरी पटली. "म्हणजे आपण पाहुणा सोडायचा आणि घरच्यांना बाहेर काढायचं," ते म्हणाले. बारवेचा विषय त्यानंतर निघाला नाही.

गोदावरीत सोडणं याच कारणाने बाद. दुकानात परत देणं ईराने एका वाक्यात बाद केलं. बचाव केंद्रात ठेवायचं म्हणून निनादने दोन ठिकाणी फोन केले. दोन्हीकडे आधीच अशी कासवं भरलेली होती आणि घेता येणार नाही असं सांगितलं. त्यांचा दोष नाही. ज्या पैशात जखमी देशी प्राणी बघायचे, त्यातून दुकानातल्या कासवांची पेन्शन चालवा असं कुणी कसं म्हणावं?

उरला एक पर्याय: ठेवायची, पण नीट. या पर्यायाला मीच सगळ्यात जास्त विरोध केला, हे सांगायला हवं. दोघं नोकरदार, घर दोन खोल्यांचं, मुलगी दहाची. मी म्हटलं, अनुभवी पाळणारा शोधू, सहा महिने लागले तरी चालतील. अनघाताई म्हणाल्या, "तोपर्यंत ती कुठे राहणार? तेवढी सोय करायचीच आहे, तर ती तिच्यासाठीच करू." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

काय केलं

बाल्कनी पूर्वेची होती, तिने अर्धं काम केलं. ५०० लिटरची प्लास्टिकची चौकोनी टाकी आली, अर्ध्या उंचीला कापलेली. विटांवर शहाबादी फरशीचा तुकडा तिरका टेकवला, एक कडा पाण्यात. पहिल्या दिवशी ढब्बू चढताना घसरली, कारण फरशी गुळगुळीत. मग तिच्यावर सिमेंटचा हात फिरवून खरखरीत केली. वरून जाळी, कारण कावळे. टाकीच्या एका कोपऱ्यावर कायम सावली, कारण ऊन हवं तितकंच उन्हातून पळायला जागाही हवी. उघड्या टाकीतलं पाणी एप्रिलच्या दुपारी बघता बघता तापतं.

काचेतून येणाऱ्या उन्हाचं काय, हा प्रश्न निनादने तेव्हा विचारला. कवचाला कॅल्शियम बसायला जीवनसत्त्व ड ३ लागतं, ते तयार व्हायला उन्हातले अतिनील-ब किरण, आणि खिडकीची काच नेमके तेच अडवते. सहा वर्षं ढब्बूला उजेड मिळाला, ऊन नाही.

खाण्यात आता गोळ्यांचं खाद्य दिवसाआड, आणि रोज पाला: शेवग्याची पानं, जास्वंदीची पानं, किसलेलं गाजर, लाल भोपळा. झिंगे सणासुदीला. काष्ठौषधीच्या दुकानातला समुद्रफेस (कटलफिशचं हाड, कॅल्शियमसाठी) पाण्यात टाकला, तो ती कुरतडते. सुरुवातीचे दोन आठवडे मात्र तिला पाला हे अन्न आहे हेच मान्य नव्हतं. सगळं पाण्यातच द्यायचं. कोरड्या जागी कासवाला नीट गिळता येत नाही, आणि "टाकी घाण होते" म्हणून बाहेर काढून भरवणं इथेही वर्षभर चाललं होतं.

सिंक बंद. पाणी आता न्हाणीघराच्या मोरीत, उरलेलं कुंड्यांतल्या जास्वंदीला, कोथिंबिरीला कधीच नाही. कासवाच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो आणि कासव त्याने आजारी दिसत नाही. अमेरिकेत याच कारणाने १९७५ मध्ये ४ इंचांपेक्षा लहान कासवं विकायला बंदी आली, कारण लहान मुलं ती तोंडाजवळ नेतात. आपल्याकडे दुकानात विकायला येतात ती त्याहूनही लहानच असतात. ईरा ढब्बूच्या पाठीची पापी घ्यायची. तिच्याशी या विषयावर बोलणं हे सातही सुयांपेक्षा अवघड गेलं, असं अनघाताई म्हणतात.

काय झालं

पाचव्या सुईनंतर ती सरळ तरंगली. डोळे उघडायला पाच आठवडे लागले, आधी डावा, मग चार दिवसांनी उजवा. जानेवारीच्या ६९० ग्रॅमवरून मेअखेर ७९०.

जूनमध्ये पुन्हा घाबरगुंडी. खाणं बंद, रात्रभर टाकीच्या कोपऱ्यात पंजे खरवडणं, दोनदा जाळी उचलून बाहेर. सगळ्यांना वाटलं, आजार परतला. या वेळी मी फोटोवरून काहीच बोललो नाही. एक्स-रे काढला आणि त्यात अंडी दिसली, सहा. नर नसतानाही मादी अंडी घालते, फक्त ती फळत नाहीत. पण घालायला माती मिळाली नाही तर ती आत अडकून जिवावर बेततं. अण्णांनी जुन्या बादलीच्या टबात वाळू आणि बागेतली माती वीतभर भरली, किंचित ओली. तिसऱ्या रात्री ढब्बूने मागच्या पायांनी खड्डा केला. सकाळी माती इतकी नीट थोपटलेली होती की अण्णांना वाटलं, काही झालंच नाही. पाच अंडी मिळाली. सहावं दोन दिवसांनी पाण्यात, फुटलेलं.

खर्चाचं निनादने गणित केलं: टाकी, हीटर, दोन एक्स-रे, औषधं, प्रवास मिळून पहिल्या वर्षात कासवाच्या मूळ किमतीच्या साठपट. त्याने हे तक्रार म्हणून नाही सांगितलं. आकडा म्हणून सांगितलं.

वेगळं काय करता आलं असतं

दर महिन्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं असतं, तर उतार बराच आधी दिसला असता. आता ईराची वही आहे, प्रत्येक रविवारी नोंद. (काटा वेगळा घेतला.)

थेंबांचे दहा दिवस आणि माझे बारा, मिळून तीन आठवडे गेले. आता मला कुणी कासवाचा फोटो पाठवला की मी आधी तीन गोष्टी मागतो: पाण्याचं तापमान, पोहतानाचा व्हिडिओ, आणि काय खाऊ घालता त्याच्या पाकिटाचा फोटो. त्याआधी मत देत नाही. लोक चिडतात.

मादी आहे हे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कळलं असतं, तर मातीचा टब आधीच असता आणि जूनचा एक्स-रे कदाचित टळला असता. पण दोन फुटी टाकीतल्या ढब्बूची नखं कोण बघत बसणार होतं, हेही खरं.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. नाशिकमध्ये हिवाळ्यात रात्री पारा १० च्या खाली जातो, आणि ५०० लिटरच्या अर्ध्या टाकीतलं पाणी बाल्कनीत गरम ठेवायला १०० वॉट पुरत नाहीत. पहिल्या हिवाळ्यात तिला रात्री आत आणून जुन्या दोन फुटी टाकीत ठेवलं आणि सकाळी उन्हात परत. हे काम अण्णा करतात, ते ७६ वर्षांचे आहेत, आणि ढब्बू आता ८८० ग्रॅमची. निनाद म्हणतो, दुसरा हीटर आणि थर्माकोलचं अस्तर लावू. अण्णा म्हणतात, गरज नाही.

गेल्या दिवाळीत मामाचा फोन आला होता. त्याच्या मित्राच्या मुलाला कासव हवं होतं, तर दुकान कुठलं चांगलं? अनघाताईंनी त्याला रविवारी घरी बोलावलं, मित्राला आणि मुलाला घेऊन, टाकी धुवायच्या वेळी.